कारखान्याचे घर, घराचा कारखाना : पुणे शहरातील वास्तूंचा उपयोगपालट

१

पुणे शहराच्या इतिहासलेखनात वाड्यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे कारखान्यांना मिळालेले नाही. वाडा कोणी बांधला, केव्हा बांधला, त्यात कोण राहिले, याची नोंद अभ्यासकांनी साक्षेपाने केली. परंतु त्याच वाड्याच्या ओसरीवर कोणता धंदा चालला, तळमजल्यावर कोणते यंत्र बसले आणि ते केव्हा उठले, याकडे लक्ष क्वचितच गेले. परिणामी वास्तूचा इतिहास हा तिच्या धन्याचा इतिहास ठरला. तिच्यात झालेल्या कामाचा इतिहास मागे पडला. हे दोन इतिहास एकत्र वाचल्यास शहराच्या घडणीविषयी काही निराळे निष्कर्ष हाती येतात, ते मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विषयाला एक बाहेरचा संदर्भ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत बंद पडलेल्या कारखान्यांची खाजगी निवासस्थाने होऊ लागली. बार्सिलोनाजवळील सान्त जुस्त देस्वेर्न येथील एक जुना सिमेंटचा कारखाना रिकार्दो बोफिल या वास्तुविशारदाने १९७३ मध्ये हाती घेतला आणि सिमेंटच्या उंच कोठारांमध्ये स्वतःचे घर व कार्यालय थाटले. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या रिकाम्या कारखान्यांत त्यापूर्वीच चित्रकार व शिल्पकार राहू लागले होते. प्रथम हा वास बेकायदेशीर होता. १९७१ मध्ये नगररचनेचे नियम बदलून कलावंतांपुरती त्याला मान्यता मिळाली आणि १९८२ मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला. कारखान्यातील ज्या प्रशस्त मजल्याला तेथे लॉफ्ट म्हणतात, तो शब्द पुढे श्रीमंती निवासाचा वाचक बनला. हाच शब्द मराठी घरांतही आला. पण येथे तो अडगळीच्या पोटमाळ्याला लागला. एका शब्दाच्या या दोन अर्थांत दोन नगरांच्या इतिहासातील अंतर सामावलेले आहे.

पुण्यात वास्तूंचा उपयोगपालट थोडा झाला असे नव्हे. तो विपुल झाला. मात्र त्याचा ओघ प्रायः उलट दिशेने राहिला. घरांचे छापखाने झाले, वाड्यांच्या शाळा व कचेऱ्या झाल्या, गणेशखिंडीतील राज्यपालांच्या निवासात १९४९ पासून विद्यापीठ नांदू लागले. कारखान्याचे घर मात्र केवळ जुन्या पेठांतील कारागिरांच्या आळ्यांत, एकेका खोलीने आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना झाले. वाफेच्या युगात उभारलेल्या गिरणीची इमारत घर होण्याची रीत येथे रुजली नाही; गिरणीची जमीनच तेवढी घरांखाली गेली. असे का घडले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

कारखाना हा शब्द फार्सीतून मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ आजच्यासारखा नव्हता. मराठी राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल अशी जी गणना परंपरेने दिली जाते, तिच्यात तोफखाना, दारूखाना, जामदारखाना, फरासखाना, पीलखाना, मुदपाकखाना अशी खाती येतात. यांपैकी काहींत वस्तू तयार होत, काहींत त्या साठविल्या जात, काहींत जनावरे बांधलेली असत. तरी सर्वांना कारखाना हीच संज्ञा होती. हे कारखाने धन्याच्या निवासापासून वेगळे नव्हते. ते त्या निवासाचेच विस्तारलेले अंग होते. बुधवार पेठेतील पोलीस ठाण्याच्या नावात फरासखाना आजही उरला आहे, तो याच व्यवस्थेचा अवशेष होय. घर आणि कारखाना या दोन परस्परविरोधी कोटी आहेत ही कल्पना त्या काळाला परकी होती.

सामान्य कारागिराच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. पुण्याच्या पेठा वसविताना शेटे-महाजनांनी व्यापारी व कारागीर आणून बसवावेत, नव्या वस्तीला काही काळ करात सूट मिळावी, अशी पद्धत होती. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभार वेस, कागदीपुरा ही नावे ज्या वस्तीची साक्ष देतात ती धंद्याची आणि राहण्याची अशी एकच वस्ती होती. या वस्तीतील घराची रचना अशा मिश्र उपयोगाला अनुकूल असे. वाड्याचे मोजमाप खणांत होई. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा एकदा उभा राहिला की कोणत्या खणात काय चालावे हे त्या सांगाड्याने ठरविलेले नसे. ओसरीवर दुकान मांडता येई, सोप्यात माग बसविता येई, चौकात वाळवण घालता येई आणि माडीवर कुटुंब राही. भिंती बहुतांशी भार पेलत नसल्यामुळे त्या काढणे-घालणे सोपे होते. एका पिढीत कामाची असलेली जागा दुसऱ्या पिढीत निजण्याची झाली, तरी तिला बांधकाम म्हणावे असे काही घडत नसे.

करपद्धतीनेही हा भेद केला नाही. कारागीर व दुकानदार यांच्यावर बसणारा मोहतर्फा हा कर धंद्यावर होता, इमारतीवर नव्हता. तांबटाने कर भरावयाचा तो तांबट म्हणून. त्याची भट्टी कोणत्या खोलीत आहे याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर धंदा माणसाला चिकटलेला होता, घराला नव्हे. मुंबई इलाख्यात १८४४ मध्ये मोहतर्फा रद्द झाला आणि पुढे १८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात नगरपालिका स्थापन झाली. नगरपालिकेचे उत्पन्न घरपट्टी व जकात यांवर अवलंबून राहू लागले. कर माणसाच्या हातावरून घराच्या भिंतीवर आला. हा बदल वरकरणी हिशेबाचा वाटतो. परंतु वास्तूला सरकारदरबारी स्वतःची ओळख मिळण्याची ती सुरुवात होती आणि या ओळखीत ‘वापर’ हा रकाना पुढे निर्णायक ठरावयाचा होता.

३

कारखान्याचे घर होण्याची जी प्रक्रिया पुण्यात खरोखर घडली ती पाहण्यासाठी कसबा पेठेतील दोन वस्त्यांकडे वळले पाहिजे. पहिली कागदीपुरा. मराठी राज्याच्या दफ्तराला लागणारा कागद जुन्नर, दौलताबाद अशा केंद्रांतून येई आणि पुण्यातही मुठेच्या काठाजवळ कागदी समाजाची वस्ती होती. हातकागदाच्या कृतीत घराची रचना कशी गुंतलेली असे हे लक्षात घेण्याजोगे आहे. तागाची पोती, दोर, रद्दी कागद कुटून त्यांचा लगदा करीत, तो नदीच्या पाण्यात धूत आणि हौदात घालीत. साचा बुडवून एकेक ताव उचलला जाई. हे ओले ताव चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतींवर चिकटवून सुकविले जात; नंतर त्यांना खळ लावून दगडाने घोटीत. म्हणजे कागद्याच्या घराची भिंत ही केवळ आडोसा नव्हती. ती त्याच्या धंद्याचे हत्यार होती. हौद, भिंत आणि नदी या तिहींच्या सान्निध्यावर कारखाना उभा होता आणि त्याच चार भिंतींत कुटुंबही राहत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावरील कागद स्वस्त झाला. १८८० च्या दशकात पुण्याच्या पूर्वेस मुंढवे येथे डेक्कन पेपर मिल उभी राहिली आणि यंत्राचा कागद दूर देशीचा राहिला नाही, शहराच्या वेशीवर आला. कागदीपुऱ्यातील धंदा ओसरला. स्वदेशी व ग्रामोद्योगाच्या चळवळीत हातकागदाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली आणि १९४० मध्ये पुण्यात त्याच्या संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. परंतु हे पुनरुज्जीवन संस्थेच्या आवारात झाले, कागदीपुऱ्याच्या घरांत नव्हे. धंदा गेला, नाव राहिले आणि वस्ती निखळ निवासाची झाली. हौदाची जागा अंगणाने घेतली, तावांच्या भिंतीवर खुंट्या आल्या. या स्थित्यंतराला ना आराखडा लागला ना परवाना. म्हणूनच त्याची कागदोपत्री नोंद विरळ आहे. ज्यांनी शतकानुशतके इतरांच्या नोंदींसाठी कागद पुरविला त्यांच्या घराचे रूपांतर कागदावर आले नाही.

दुसरी वस्ती तांबट आळी. पेशवाईच्या आश्रयाने पुण्यात स्थिरावलेल्या तांबटांचा धंदा यंत्रयुगातही दीर्घकाळ टिकला, किंबहुना एकोणिसाव्या शतकात तो वाढला. विलायती पत्रा रेल्वेने येऊ लागल्यामुळे धातू ओतून व ठोकून पत्रा करण्याचे कष्ट वाचले आणि भांडी घडविण्याचा वेग वाढला. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न. म. जोशी यांच्या शहरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथात, तसेच धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत या धंद्यांचे अर्थशास्त्र तपासले गेले आहे. येथे त्यांच्या वास्तूचा विचार अभिप्रेत आहे. तांबटाच्या घरात रस्त्यालगतचा तळमजला कामाचा असे. भट्टी आणि भाता एका अंगाला, जमिनीत पक्के रोवलेल्या ऐरणी मध्यभागी. कारागीर जमिनीवर बसून हंडा, घागर, परात वा बंब पायाच्या आधाराने फिरवीत मठारकाम करी. मागील भागात माजघर व स्वयंपाकघर, वर माडी. ठोक्यांचा नाद आळीभर भरून राही; घरातील आणि कामातील वेळ एकाच नादाने मोजली जाई.

या धंद्याला ओहोटी लागली ती गिरणीमुळे नव्हे, तर स्वयंपाकघरातील बदलामुळे. प्रथम ॲल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील यांनी कलई लागणाऱ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना मागे सारले. गॅस व विजेच्या शेगड्यांनी बंबाची गरज संपविली. एकेका कुटुंबातील तरुण नोकरीकडे वळले. भट्टी थंड झाली की ती बुजविली जाई, ऐरण काढली की जमीन सारखी केली जाई आणि रस्त्यालगतची खोली बैठकीची किंवा निजावयाची होई. माजघर पुढे सरकत सरकत ओसरीपर्यंत आले. कारखान्याचे घर झाले ते हे असे. घराला एका खणाची वाढ मिळाली आणि तिची किंमत एका धंद्याच्या अस्ताने चुकती झाली. आळी अर्थात पूर्णपणे मूक झालेली नाही. काही कुटुंबांनी काम चालू ठेवले आणि एकविसाव्या शतकात इंटॅक या वारसा-संरक्षण संस्थेच्या पुणे शाखेने नव्या घडणीच्या वस्तू व नवी बाजारपेठ यांच्या द्वारे या कलेला आधार देण्याचा प्रयत्न केला. हा प्रयत्न वास्तूपेक्षा कामाला वाचविण्याचा होता, ही गोष्ट त्याच्या योजकांच्या विवेकाची निदर्शक आहे; कारण काम गेल्यावर उरलेली खोली ही कोणत्याही खोलीसारखीच असते.

४

वाफेच्या शक्तीने ही रचना मोडली. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत लोहमार्ग झाला. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि देशी भांडवलाने यंत्रोद्योग उभारण्याचा विचार शहरात बळावला. रेल्वे स्थानकाजवळची कापडगिरणी याच पर्वातील. पुढे राजाबहादूर मोतीलाल यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली आणि स्थानकाजवळील रस्त्याला तिने आपले नाव दिले.

गिरणीची इमारत ही मूलतः एका दांड्याभोवती बांधलेली इमारत होती. इंजिनघरात वाफेने फिरणारे चाक, तेथून छताखाली गेलेला लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला शक्ती पोचविणारे पट्टे, अशी त्या काळची योजना होती. दांडा सरळ जावयास हवा म्हणून दालन लांबलचक आणि विनाभिंतीचे. सुताला दमटपणा हवा म्हणून वारा खेळू न देणारे. सावली न पडता सारखा उजेड हवा म्हणून करवतीच्या दात्यांसारखे, एका अंगाने उजेड घेणारे छप्पर. अशा दालनात मधोमध उभ्या असलेल्या माणसाला खिडकी दिसत नाही. वाड्यात चौक हा उजेडाचा व वाऱ्याचा स्रोत घराच्या पोटात असतो. गिरणीच्या पोटात यंत्र असते. खणाने मोजलेली वास्तू कोणत्याही उपयोगाला जुळते, दांड्याने मोजलेली वास्तू एकाच उपयोगाशी बांधलेली राहते. तिचे घर करणे अशक्य नाही, हे सोहोने व बार्सिलोनाने दाखविले. पण तेथे जो निवास झाला तो मोठ्या खर्चाचा आणि मोकळ्या दालनात राहण्याची विशिष्ट आवड असणाऱ्यांचा होता. देवघर, स्वयंपाकघर, माजघर अशा पायऱ्यांनी घर मानणाऱ्या समाजाला ते दालन घरासारखे वाटणे कठीण होते.

कायद्यानेही हा भेद पक्का केला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे कामाला लावणाऱ्या जागेलाच कारखाना मानले. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासावर आली आणि १९४८ च्या कायद्याने यांत्रिक शक्ती असल्यास दहा, नसल्यास वीस कामगार ही मर्यादा ठरविली. तांबटाची भट्टी व कागद्याचा हौद या व्याख्येबाहेर राहिले. ज्या शब्दात एकेकाळी धन्याचा मुदपाकखानाही बसत असे त्या शब्दातून आता सबंध आळी वगळली गेली. कारखाना म्हणजे जेथे कोणी राहत नाही अशी जागा, हा अर्थ येथून रूढ झाला.

५

गिरणी आणि वाडा यांच्यामध्ये पुण्यात एक तिसरा प्रकार होता : छापखाना. पुणे हे गिरण्यांचे शहर कधीच झाले नाही, ते छापखान्यांचे शहर झाले आणि छापखान्याने घर सोडले नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. त्यापाठोपाठ आर्यभूषण छापखाना आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. छापखान्याला दालन लागते, पण लांब दांडा लागत नाही. खिळ्यांच्या पेट्या, जुळाऱ्यांची बाके, हाताने वा पायाने चालणारे यंत्र हे सर्व तीन-चार खणांत मावते. वाड्याची तळमजल्यावरील जमीन भार सोसते आणि चौकाच्या उजेडात खिळे वाचता येतात.

लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये नारायण पेठेतील गायकवाड वाडा बडोदेकरांकडून घेतला. राजघराण्याचा हा निवास तेव्हापासून एकाच वेळी कुटुंबाचे घर, पत्राची कचेरी आणि छापखाना बनला. पुढे केसरीवाडा हेच त्याचे नाव झाले. या योजनेतील धोका उघड होता. १८६७ च्या कायद्यानुसार छापखाना ठेवणाऱ्याला त्याची जागा मॅजिस्ट्रेटपुढे जाहीर करावी लागे. मोहतर्फ्याने जी नोंद घेतली नव्हती ती नोंद, म्हणजे अमुक भिंतींच्या आत अमुक काम चालते ही, राजद्रोहाच्या भयाने सरकारने आता घेतली. १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून अनामत मागण्याचा व ती, प्रसंगी यंत्रासह, जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. घर आणि छापखाना एका छपराखाली ठेवणे म्हणजे एकाची आच दुसऱ्याला लावून घेणे होते. तरीही पुण्यातील अनेक संपादक-मुद्रकांनी हेच केले, कारण त्यांचा उद्योग भांडवलावर नव्हे तर कुटुंबाच्या व स्नेह्यांच्या श्रमावर उभा होता. घराचा कारखाना होण्यामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. कामाच्या स्वरूपाचीच ती मागणी होती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात विजेचा पुरवठा रुळल्यावर ही मागणी अधिक सुकर झाली. विजेच्या छोट्या मोटारीने दांडा आणि पट्टे निरर्थक ठरविले. प्रत्येक यंत्राला स्वतःची शक्ती मिळाली. पिठाची गिरणी, लेथ, छापण्याचे यंत्र वाड्यांच्या तळमजल्यावर आले. वाफेने घराबाहेर काढलेला कारखाना विजेने पुन्हा घरात आणला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूला संरक्षण दिले, त्यामुळे हे लहान धंदे नाममात्र भाड्यात वाड्यांतून टिकले. त्याच कायद्यामुळे मालकाला डागडुजीची उमेद उरली नाही. पुण्याच्या वाड्याला कारखान्याने पोसले आणि कारखान्यानेच जीर्ण केले, असे विधान या अर्थी सार्थ ठरेल.

उद्योगाची म्हणून बांधलेली इमारत दुसऱ्या कामी लागल्याचे ठळक उदाहरणही याच काळाच्या अखेरीचे आहे. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली आणि तिने भव्य कलागृह उभारले. १९५० च्या दशकात कंपनीचे चित्रनिर्माण थांबले. १९६० मध्ये त्याच जागेत केंद्र सरकारची चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू झाली. वास्तू वाचली, कारण तिच्यात पूर्वीचेच काम निराळ्या हेतूने चालू राहिले. तिचे कोणाचे घर झाले असते तर तिचे दालन कापून खोल्या कराव्या लागल्या असत्या. येथेही तांबट आळीचाच धडा मिळतो : वास्तू टिकावयाची तर तिच्यातील कामाचा एखादा धागा टिकावा लागतो.

६

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्न इमारतीवरून जमिनीवर आला. १९५४ च्या व त्यानंतर १९६६ च्या नगररचना कायद्यांनी शहराची निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा विभागांत आखणी करण्याचे बंधन घातले. पुण्याची विकास योजना १९६६ मध्ये आणि सुधारित योजना १९८७ मध्ये मंजूर झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या परिसरात उद्योगांसाठी वेगळी जमीन सिद्ध केली. नव्या कामगाराचे घर एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, ही मांडणी आता नकाशावर रंगाने दाखविली गेली. मध्यंतरी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांतील असंख्य वाडे पडले. त्यांच्या जागी जी बांधकामे झाली त्यांत खणांची लवचीक रचना परत आली नाही.

जुने कारखाने जेव्हा बंद झाले किंवा शहराबाहेर गेले तेव्हा त्यांच्या मालकांपुढे इमारत नव्हती, जमीन होती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीच्या व्यवहारावर निर्बंध घातले होते. महाराष्ट्राने हा कायदा २००७ मध्ये रद्द केला. औद्योगिक विभागातील जमिनीचा निवासी उपयोग करण्यास बांधकाम-नियमांनी अटींसह मुभा दिली. त्यांत जमिनीचा काही भाग सार्वजनिक सोयींसाठी सोडण्याची अट प्रमुख आहे आणि २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ही तरतूद आढळते. या तरतुदीचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. ती जमिनीच्या वापराचे रूपांतर मान्य करते. इमारतीच्या रूपांतराविषयी तिला विशेष सांगावयाचे नाही. जुनी एकमजली शेड राखून त्यात एका कुटुंबाने राहावे यापेक्षा ती पाडून त्या जमिनीवर शेकडो सदनिका उभ्या कराव्यात, यातच मालकाचा व विकसकाचा लाभ असतो. स्थानकाजवळच्या गिरणीच्या आवारात जी जुनी बांधकामे राहिली त्यांत उपाहारगृहे व कार्यालये आली. म्हणजे जेथे इमारत वाचली तेथेही ती घर म्हणून वाचली नाही.

मुंबईचा अनुभव याला पूरक आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे अर्थकारण कोसळले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक अशा तीन भागांत करण्याचे तत्त्व घातले. २००१ मध्ये ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. फिनिक्ससारख्या गिरणीच्या आवारात बाजारपेठ आली, इतरत्र उंच मनोरे झाले. गिरणी कामगारांसाठीच्या घरांची सोडत म्हाडाने २०१२ मध्ये काढली तेव्हा सुमारे सात हजार घरे होती आणि अर्जदार लाखाच्या वर होते. कारखान्याच्या जमिनीवर घरे झाली, पण त्या कारखान्यात ज्यांनी घाम गाळला त्यांपैकी फारच थोड्यांची ती घरे झाली. तांबट आळीतील रूपांतर आणि हे रूपांतर यांतील मर्मभेद येथे दिसतो. आळीत धंदा गेला तरी राहणारे तेच राहिले. गिरणीत धंदा गेला आणि माणसेही गेली.

७

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कारखान्याचे घर होणे हे वास्तूच्या सौंदर्यावर वा मालकाच्या रसिकतेवर अवलंबून नाही. ती वास्तू कोणत्या शक्तीसाठी बांधली गेली यावर ते अवलंबून आहे. हाताच्या शक्तीने घर व कारखाना एकत्र ठेवले, वाफेने ते वेगळे केले, विजेने काही काळ पुन्हा जुळविले. दुसरी, सरकारची दृष्टी जशी माणसावरून इमारतीवर आणि इमारतीवरून जमिनीवर गेली, तसतसा उपयोगपालट कुटुंबाच्या हातून निघून बाजाराच्या हाती गेला. तिसरी, ज्या रूपांतरात राहणारे कायम राहिले त्याची नोंद झाली नाही आणि ज्याची नोंद झाली त्यात राहणारे बदलले.

यातून संशोधनाची एक निकड सूचित होते. वाड्यांच्या सरदारी बाजूची मोजणी पुष्कळ झाली आहे. कामाच्या बाजूची मोजणी अद्याप व्हावयाची आहे. नगरपालिकेच्या करआकारणीच्या वह्यांतील वापराचा रकाना, सिटी सर्व्हेच्या नोंदी, छापखान्यांची मॅजिस्ट्रेटपुढील निवेदने आणि भाडेकरारांचे कागद एकत्र वाचल्यास कोणत्या खणात केव्हा काय चालले याचा पेठवार आलेख काढता येईल. त्याला आळीतील वृद्धांच्या तोंडी माहितीची जोड दिली पाहिजे. जुन्या पेठांतील वाडे आज वेगाने पाडले जात आहेत. वाडा पडला की त्याच्या धन्याचे नाव ग्रंथांतून सापडते; भट्टी कोणत्या खणात होती, ओले ताव कोणत्या भिंतीवर लागत, यंत्र कोणत्या खिडकीशी होते, हे मात्र त्या भिंतीबरोबरच जाते. घराच्या पोटात दडलेला कारखाना ओळखणे हे पुण्याच्या औद्योगिक इतिहासाचे पहिले काम आहे. ते भिंती उभ्या आहेत तोवरच करता येईल.